कानात बसणारे, कानावर बसणारे

४ मार्च

चि. कानसेन,

आशीर्वाद. तू त्या हेडफोनच्या दुकानात नोकरीला लागलीस तेव्हा मी हसलो होतो. ते हसणं परत घेतो, कारण काम पडलंय.

आमची बाहेरची खोली तुला ठाऊक आहे. खिडकीपाशी माझं घड्याळांचं टेबल, समोरच्या भिंतीला तुझ्या मामीचं शिवणयंत्र, आणि मध्ये स्टुलावर तो एकुलता एक स्पीकर. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसतो आणि त्या स्पीकरवरून भांडतो. मला संथ गाणं लागतं. एक गाणारा, मागे एक व्हायोलिन, बाकी गडबड नको. तिला ठेका लागतो. ठेक्याशिवाय म्हणे पाय चालत नाही, आणि पाय नाही चालला तर मशीन चालत नाही. मी आलाप लावला की विचारते, "याचं पोट दुखतंय का हो?" तिची गाणी लागली की माझ्या चिमट्यातला स्क्रू उडतो. परवा उडालेला अजून सापडलेला नाही, आणि घड्याळाचा मालक रोज चकरा मारतोय.

तर दोघांना वेगवेगळं, कानात घालायचं काहीतरी निवडून दे. स्वस्तातलं. घड्याळजी आणि शिवणकाम करणारी, आमची ऐपत तू जाणतेस. फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हं हं करतेस. लिहून पाठव, म्हणजे मला सावकाश वाचता येईल.

घरात तिसरं माणूस असतं तर त्यानेच निवाडा केला असता. पण आमचे चिरंजीव घड्याळांना लाथ मारून धरणाच्या कामावर गेले. जाताना मी एवढंच म्हटलं होतं, की या घरात परत पाऊल टाकायचं असेल तर मला विचारून टाक. अजून विचारलेलं नाही. असो. विषय तो नव्हे.

तुझा मामा


११ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. पोटदुखीच्या वाक्याला आमचे मालकसुद्धा हसले. मग गिऱ्हाईक नसताना आम्ही सगळी स्वस्तातली मंडळी काउंटरवर मांडली आणि मी तुमच्या आवडीचं नि मामीच्या आवडीचं एकेक गाणं सगळ्यांवर ऐकलं. निकाल सविस्तर देते, कारण तुम्हाला कारणं लागतात.

पहिला, कानावर बसणारा मोठा हेडफोन, मागून जाळी असलेला. याला आम्ही उघडा म्हणतो. आवाज मोकळा येतो, गाणारा खोलीत बसल्यासारखा वाटतो. पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. म्हणजे तुमचा आलाप मामीला ऐकू जाणार आणि तिची मशीन तुम्हाला. भांडण जिथल्या तिथे. हा बाद.

दुसरा, कानावर बसणारा बंद हेडफोन. गाद्या मऊ, बेस असा की छातीत धडधडतं. तुमचं गाणं यावर लावलं तर गायक घोंगडी पांघरून गात होता. मामीचं लावलं आणि माझा पाय आपोआप हलायला लागला. हा मामीचा.

तिसरा, कानात बसणारा. याला इन-इअर मॉनिटर म्हणतात, स्टेजवर गाणारे वापरतात तसला, पण गरिबाघरचा. बेस बेताचा, आवाजाचा मधला पट्टा स्वच्छ. गायकाने श्वास कुठे घेतला तेही कळतं. याचेच दोन-तीन भाऊबंद ऐकले. एक इतका टोकदार होता की व्हायोलिन कानात खुपलं, दुसरा गोड होता पण सगळी गाणी सारखीच गोड करत होता. हा मात्र जे आहे ते देतो. तार कानामागून पाठीवर जाते, त्यामुळे समोरून दिसतही नाही. आणि खरी गंमत म्हणजे रबरी टोपी नीट बसली की बाहेरचं जग बंद. मामीची मशीन तर सोडाच, दाराशी कुणी कोकललं तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही. हा तुमचा.

दोन्ही पाठवते आहे. सोबत छोटा प्लेअर आहे, तो खिशात ठेवा.

दादाचा विषय नव्हे म्हणालात, म्हणून मीही काढत नाही. पण तो बरा आहे, एवढं लिहिलं तर चालेल ना?

तुमची कानसेन


२ एप्रिल

चि. कानसेन,

जिंकलीस! इतकी वर्षं मी तो गायक ऐकत होतो आणि तान घेण्याआधी तो हळूच श्वास ओढतो हे मला माहीतच नव्हतं. डोळ्याला भिंग, कानात हे, आता मला कुणाची गरज नाही. काम दुप्पट होतंय. मालकांना सांग, म्हाताऱ्याची मान दिवसभर डोलत असते.

तुझी मामी आधी कुरकुरली. हेडफोनच्या पट्ट्याने अंबाडा दबतो म्हणे. मग अंबाडा खाली बांधायला लागली, आणि आता शिवता शिवता खांदे उडवते. परवा आम्ही अदलाबदल करून पाहिली. तिचं गाणं माझ्या यंत्रात डब्यात खडे वाजवल्यासारखं वाजलं, आणि माझं गाणं तिच्यात ऐकून ती म्हणाली, "पोटदुखी वाढलीय."

घरात भांडण नाही. स्पीकरवर मामीने कापडाचे तुकडे ठेवलेत.

आतली खोली रिकामी केली. जुनी घड्याळं माळ्यावर टाकली, भिंतींना रंग दिला, पलंगाचा पाय दुरुस्त करून घेतला. ओल यायला लागली होती, दुसरं काही नाही.

तो बरा आहे असं लिहिलंस. वाचलं.

तुझा मामा


२० एप्रिल

कानसेन बाळा,

मी पत्र लिहीत नाही कधी, अक्षराला हसू नकोस. यांना न सांगता लिहितेय.

यांचं कानातलं बदलून दे. दुसरं एखादं दे, त्यात बाहेरचंही थोडं ऐकू येईल असं. गाणं कमी चांगलं असलं तरी चालेल. आधी कसं, मी मशीन चालवता चालवता बोलायची आणि हे तिकडून काहीतरी करवादायचे. पण ऐकायचे. आता मी बोलते नि भिंत ऐकते. एक गोष्ट विचारायची आहे यांना. मोठी आहे. समोर बसून, तोंडाकडे बघून मला नाही विचारता येत, ते तुला ठाऊक आहे. मला पाठ असली की धीर येतो. यांचा नकार तोंडावर घ्यायची मला भीती वाटते.

तुझ्या मामाला कळू देऊ नकोस.

मामी


२८ एप्रिल

लाडक्या मामी,

तुझं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. आणि तक्रार वाचून खूप हसले. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी बाई येते आणि म्हणते, यांना ऐकू येईना असं झालंय, काय करू! म्हणजे आमचा माल चांगला आहे.

त्यांचा तो कानातला अजिबात बदलू नये. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलेलं नाही. तुला काय, नवं मशीन घ्यायचंय का? की माझ्या आईकडे रहायला यायचंय चार दिवस? काहीही असो, उपाय सोपा आहे. चहा प्यायला ते कान मोकळे करतातच. चहा झाला की लगेच, ते टेबलाशी बसता बसता विचारून टाक. पाठ करून विचार हवं तर. तुझ्यासमोर तो गिऱ्हाइकांचा उंच आरसा आहेच, त्यात बघ काय चेहरा करतात ते!

तुझी कानसेन


१५ जून

मामा,

रबरी टोप्या झिजल्याचं तुमचं कार्ड मिळालं. नवीन तीन जोड पाठवले आहेत. मधल्या मापाच्या वापरा.

बाकी काय लिहू.

कानसेन


२४ जून

चि. कानसेन,

टोप्या मिळाल्या. पत्रही मिळालं, त्याला पत्र म्हणायचं असेल तर. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त मजकूर असतो.

माझं काय चुकलं? गेल्या कार्डात तार लवकर विरतेय म्हणून जरा टोचून लिहिलं होतं, ते लागलं का? मी जिभेचा तिखट आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मनावर घेऊ नकोस. तार चांगली आहे.

तू रुसलीस, इकडे तुझी मामीही बोलेनाशी झाली. भांडत नाही, टोमणा नाही, पोटदुखी नाही. सकाळी हेडफोन चढवते तो संध्याकाळी काढते. आधी वाटलं, लागला नाद. पण काल खाली पडलेला स्क्रू शोधायला वाकलो तर तिच्या हेडफोनची पिन जमिनीवर लोळत होती. कशाला जोडलेलीच नव्हती. तार नुसती लोंबत होती आणि ही खाली मान घालून शिवत होती. मी विचारलं, "काय ऐकतेयस?" तिने ऐकलंच नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

मला भीती वाटतेय, कानसेन. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही. दुखतंखुपतं लपवतेय का ही? तुला काही सांगितलंय का? असेल तर मला कळव. टोमणे मारून कळवलंस तरी चालेल.

तुझा मामा


१ जुलै

मामा,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर कधीच लिहिणार नव्हते.

मामीला काही झालेलं नाही. तिचा मुलगा परदेशी निघून गेलाय. दादाच्या कंपनीने त्याला दोन जागा पुढे केल्या होत्या. एक तुमच्या गावाजवळच्या कालव्याची, घरी राहून करण्यासारखी. दुसरी समुद्रापलीकडची, सहा वर्षांच्या करारावर. त्याने गावाजवळची धरायचं ठरवलं आणि मामीला लिहिलं, की बाबांना विचार, येऊ का? तुमची अटच होती ना, विचारून ये? त्याने मान खाली घालून विचारलं, मामा. आणि तुम्ही नाही म्हणालात. एक शब्दही न बोलता, नुसती मान हलवून! मामीने त्याला तसंच कळवलं. त्याने दुसऱ्या जागेवर सही केली. मे महिना संपता संपता तो गेला. जाताना माझ्याकडे एक दिवस थांबला होता. मी त्याला सोडायला गेले. त्याने फक्त तुमची तब्येत विचारली.

आणि त्यानंतर तुमचं कार्ड आलं, रबरी टोप्या पाठव.

माझं तोंड वाईट झालं असेल तर माफ करा. पण तुमच्या आवडीचं गाणं निवडताना मला वाटायचं, असलं गाणं ऐकणारा माणूस आतून मऊ असतो. चुकले.

कानसेन


९ जुलै

चि. कानसेन,

मी नाही म्हणालो नाही.

मला कुणी काही विचारलंच नाही, गं.

तुझं पत्र वाचलं आणि उठून मामीच्या मशीनचं चाक हाताने धरलं. असं मी कधी केलेलं नाही. ती दचकली. मी म्हटलं, "तो येऊ का विचारत होता?" ती म्हणाली, "आता कशाला काढताय? दिलंत ना उत्तर." मी म्हटलं, "कधी दिलं? कुणाला दिलं?" तेव्हा तिने आरशाकडे बोट दाखवलं.

चहा झाला होता म्हणे. मी टेबलाशी जाऊन बसलो, पण चहासाठी फिरवलेली खुर्ची तशीच होती, तोंड तिच्या पाठीकडे. तिने मशीन सुरू केली, धीर गोळा केला आणि पाठमोरीच म्हणाली, "मुलगा गावाजवळची जागा घेतोय. इथे राहायला येऊ का विचारतोय. सांगू का त्याला ये म्हणून?" आणि आरशात माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून होतो. आणि माझी मान हलली. डावीकडून उजवीकडे, सावकाश, परत डावीकडे. मग मी हातही उडवला म्हणे, जा म्हटल्यासारखा.

तुला सांगायला नको मी काय करत होतो ते. टेबलाशी बसता बसताच मी ते कानात घातलं असणार, आणि तार पाठीमागे, तिला आरशात दिसली नाही. त्या गाण्यात एक जागा आहे, तिथे तो सूर असा काही सोडून देतो की माझी मान थांबत नाही आणि हात आपोआप दाद देतो. कुठली जागा ते मला माहीत आहे. आता ते गाणं मी लावू शकणार नाही.

आतल्या खोलीला ओल नव्हती, कानसेन. त्याचा पलंग म्हणून दुरुस्त करून घेतला होता. तो विचारील तेव्हा खोली तयार पाहिजे, असं मनात होतं. मामीला वाटलं, मी त्याच्या वस्तू काढून टाकतोय.

मी तिच्यावर ओरडलो. मोठ्याने ओरडलो, की मग दुसऱ्यांदा विचारता नाही आलं? हलवून विचारता नाही आलं? ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या नाहीनंतर दुसऱ्यांदा कुणी विचारलंय का कधी या घरात?"

मी हे पत्र लिहायला बसलो.

त्याचा पत्ता पाठव.

मामा


१६ जुलै

प्रिय मामा,

पत्ता सोबत आहे.

मामीने मला एप्रिलमध्ये पत्र लिहिलं होतं, तुमचं कानातलं बदलून दे म्हणून. काहीतरी मोठं विचारायचंय म्हणाली होती. मी विनोद केले. चहानंतर विचार, पाठ करून विचार, आरशात बघ, हे सगळं मीच तिला शिकवलं. आणि तो उघडा हेडफोन, ज्यात बाहेरचं ऐकू येतं, तो मीच पहिल्या पत्रात बाद केला होता. आवाजावरून निवडला, घरावरून निवडला नाही. दुकानात आता मी गिऱ्हाइकाला आधी विचारते, घरात अजून कोण असतं. त्याने तुमचं काही भरून येत नाही, मला कळतं. आणि शहानिशा न करता तुम्हाला तसलं पत्र लिहिलं, त्याची लाज वाटते.

दादाला मी फोनवर सगळं कळवलं. कालव्याची जागा केव्हाच भरली. करार मोडता येत नाही. तुम्हाला स्वतः लिहितो म्हणाला.

कानसेन


२२ ऑगस्ट

चि. कानसेन,

त्याचं पत्र आलं. वर नाव आईचं होतं, पण आत आम्हा दोघांना लिहिलंय. तुझ्या मामीने मशीन थांबवली, खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसली आणि वाचून दाखवलं.

रागावलेला नाही तो. तिथली हवा मानवतेय, काम बरं आहे. झाली गोष्ट गमतीची आहे म्हणतो, त्याच्या साइटवरच्या लोकांना सांगितली तर ते पोट धरून हसले. मग लिहितो, "आईने बाबा नाही म्हणाले असं कळवलं तेव्हा मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. हातातलं काम टाकून विचार करावा इतकंही ते नवीन वाटलं नाही. बाबा, चूक हेडफोनची होती हे मला पटलं. पण मला खटकतंय ते हे, की खरं काय ते कळल्यावर जास्त नवल वाटलं. तुम्ही हो म्हणणार होतात, याचं."

इथे तुझ्या मामीने कागद माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तू माल चोख दिलास, त्याने सांगितलेलं काम केलं. तू त्या उघड्या हेडफोनचं म्हणतेस. तो असता तर मी त्या दिवशी तिचा प्रश्न ऐकला असता, आणि कदाचित अडूनही बसलो असतो. दोन दिवस गुर्मीत राहिलो असतो, मग हो म्हटलं असतं, आणि माझा हो दोन दिवस उशिरा पोचला असता. मी मला ओळखतो. विचारून ये म्हणणारा मी कोण लागून गेलो होतो? स्वतःच्या घरी यायला त्याने अर्ज करायचा आणि मी खुर्चीत बसून मंजूर करायचा, असली ती ऐट. गाणं नसतं तरी माझी मान तशीच हलली असती, असं या दोघांना वाटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसरं काही वाटू दिलं नाही.

मामी आता बोलते. पण आधीसारखं नाही. भाजी संपली, शेजारणीकडे जाऊन येते, हे सगळं कळवते. विचारत मात्र काही नाही. मी सारखा कान टवकारून बसलेला असतो, की विचारील, आणि मी लगेच हो म्हणीन.

त्याला उत्तर लिहायचंय. पत्राच्या शेवटी तो म्हणतो, रजा मिळेल तेव्हा येईन, आधी कळवीन. विचारीन असं लिहिलेलं नाही. बरोबरच आहे. आता विचारायचं असेल तर मीच विचारायचंय. बाळा, येशील का? एवढंच लिहायचं आहे. चार कागद फाडले. पहिल्यात हुकूम झाला, दुसऱ्यात उपकार केल्यासारखं वाटलं, नंतरच्यात कधी मी रडका झालो, कधी आईच्या नावाने लिहून मोकळा झालो. मला कुणाला काही विचारायची सवयच नाही, कानसेन. साऱ्या जन्मात मी फक्त उत्तरं दिली.

तू दिवसभर माणसांना विचारतेस, काय ऐकता, काय आवडतं, घरी कोण असतं. समोरच्याला राग येणार नाही आणि नाही म्हणायचीही मोकळीक राहील, असं कसं विचारतात? मला लिहून पाठवशील?

तुझा मामा